बुडबुडा अगदी मधोमध

हरणाऱ्यानं रविवारी सकाळी दहा वाजता, गेटजवळच्या नळावर, अख्ख्या बिल्डिंगसमोर, इस्त्रीच्या शर्टपँटमध्ये साबण लावून आंघोळ करायची. गळ्यात टाय हवाच. पायांत मोजेही.

ही शिक्षा माझ्याच डोक्यातून निघाली होती, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं कुणाची कीव करायची हे ठरवणं तुम्हाला सोपं जाईल.

त्या रविवारी मी फरशीवाल्या मिस्त्रीला वाटेला लावून गेटपाशी उभा होतो. मिस्त्री आमचं बाथरूम बघायला आला होता. आला, भिंतीवरून तळहात फिरवला, कोपऱ्यात वाकला आणि म्हणाला, "हे आधीचं काम कुणी केलंय?" नवा डॉक्टर जुन्या डॉक्टरच्या गोळ्या हातात घेऊन विचारतो ना, तसंच. मग म्हणाला, आठ दिवसांनी येतो, सहा दिवस लागतील, आणि काम चालू असताना घरमालकानं मध्ये तोंड घालायचं नाही.

ते शेवटचं मला झोंबलं.

"एवढ्याशा बाथरूमला मिस्त्री कशाला?" मी मोठ्यानं म्हणालो. "मीच करतो."

समोर शिट्टीसर फेऱ्या मारत होते. आमच्या समोरच्या दारात राहतात. चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, रिटायर झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निघाली नाही. ते थांबले. "तू?"

त्यांनी तो 'तू' इतका लांबवला की त्यात माझं सगळं खानदान आलं.

"का? मी काय?"

"अरे, तू फोटोंच्या फ्रेमा करतोस."

"सव्वीस वर्षं करतोय सर. माझ्या हातची एक फ्रेम केसभर वाकडी दाखवा."

हे मात्र खरं. माझं फ्रेमचं दुकान आहे आणि फ्रेम लावायला मी स्वतः घरी जातो. लोक खिशात पेन ठेवतात, मी पाणसळ ठेवतो. वीतभर पट्टी, तिच्यात हिरव्या पाण्याची नळी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की समजायचं, वस्तू सरळ. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो तरी मी त्यांची कॅलेंडरं सरळ करून येतो. बायको आता माझ्याबरोबर कुठं जात नाही.

"चौदा दिवसांत तुझी फरशी झाली तर मी म्हणशील ते करीन," सर म्हणाले.

मग मी ती आंघोळीची शिक्षा सांगितली. सरांनी लगेच हात पुढं केला. मिस्त्रीचा हात फरशीला लागला तर मी हरलो, माझ्या हातानं काम पुरं झालं तर सर हरले. तळमजल्यावरच्या टेलरबाई खिडकीत मशीनवर बसल्या होत्या. तोंडातल्या टाचण्या न काढताच त्या म्हणाल्या, "मी पंच." त्यांच्या शब्दाला बिल्डिंगमध्ये कुणी हात लावत नाही, कारण सगळ्यांची मापं त्यांच्या वहीत आहेत.

"आणि काम चालू असेपर्यंत," मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "आमची आंघोळ तुमच्याकडे."

"ये की," सर जोशात म्हणाले. "दार उघडंच आहे."

इथं मी मनातल्या मनात उडी मारली. सरांना त्यांचं बाथरूम किती प्यारं आहे हे मला ठाऊक होतं. संडास आमचा वेगळा आहे, म्हणून तेवढी दोन्ही घरांची अब्रू वाचली.

पण यातली एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, ती म्हणजे आई. सहा आठवड्यांपूर्वी ती आमच्या बाथरूममध्ये घसरली होती. जुनी फरशी गुळगुळीत, त्यावर साबण. उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून ती माझ्या बहिणीकडे होती. "ती घसरगुंडी काढ, मगच येते," असं सांगून गेलेली. आणि बरोबर चौदा दिवसांनी बहीण आणि मेहुणे महिनाभर बाहेरगावी निघाले होते. म्हणजे त्या रविवारी आईला आमच्याकडे यायचंच होतं, आणि आल्यावर त्याच बाथरूममध्ये पाय ठेवायचा होता.

"अहो, मिस्त्रीला हो म्हणा," बायको म्हणाली. "आईंचा प्रश्न आहे. तुमची गंमत नंतर करा."

"आईसाठीच तर करतोय. मिस्त्री काय, कुणाच्याही आईसाठी करतो. मी माझ्या आईसाठी करीन."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुकानातही दोघांना ऐकवलं.

पहिले तीन दिवस माझ्यासारखा मिस्त्री जगात नव्हता. कारण ते तीन दिवस फोडायचं काम होतं, आणि फोडण्यात माझा हात लहानपणापासून बसलेला आहे. जुनी फरशी काढली, राडारोडा पोत्यांत भरला. पोती खाली नेताना दर मजल्यावर टेकायचो, म्हणजे लोकांनी विचारावं. लोक विचारायचे. मी सांगायचो, "सोपं असतं हो. मिस्त्री लोक उगाच बाऊ करतात."

रोज संध्याकाळी आईचा फोन. "झालं का रे?"

"होतंय."

"मिस्त्री बरा आहे ना?"

"फार हुशार आहे," मी म्हणायचो. यात खोटं काही आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

इकडे सरांच्या घरी आमचा मुक्काम सुरू झाला. पहिल्या दिवशी त्यांनी कौतुकानं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी दारावर वेळापत्रक चिकटलं. मुलगी सात ते सात दहा, वहिनी सात दहा ते सात वीस, फ्रेमवाले सात वीस ते सात पंचवीस. मला पाचच मिनिटं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुझ्या अंगाला एवढं काय आहे?"

माझी मुलगी कॉलेजात जाते आणि तिचे केस कमरेपर्यंत आहेत. सात दहाला सरांनी शिट्टी फुंकली. आतून आवाज आला, "सर, आत्ता कुठं शॅम्पू लावलाय." सात वीसला दुसरी शिट्टी. "सर, आता कंडिशनर." सर मला म्हणाले, "कंडिशनर म्हणजे काय?" मी म्हणालो, "दुसरा शॅम्पू, पहिल्याचा परिणाम घालवायला." त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

आंघोळीला काढलेली शिट्टी पाचव्या दिवशी सरांच्या बाथरूमच्या खुंटीला विसरलेली दिसली. मी तिच्यात साबणाचा एक तुकडा सरकवला. सात दहाला सरांनी गाल फुगवून फुंकली तर आवाजच नाही, नुसता फेस. फुगे तरंगत त्यांच्या चष्म्यावर बसले. त्यांच्या बायकोला हसता हसता पदर तोंडात कोंबावा लागला. सर म्हणाले, "कुणाचा उद्योग आहे हा?" मी म्हणालो, "सर, बाथरूममध्ये राहून तिलाही सवय लागली असेल."

एवढ्या मजेत माझं फरशीकामही चाललं होतं. फरशी मी निवडून आणलेली, खरखरीत, पाय पकडून ठेवणारी. आणि बसवताना प्रत्येक फरशीवर पाणसळ. उभी ठेवून बघायची, आडवी ठेवून बघायची, कर्णावर बघायची. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय पुढची फरशी उचलायची नाही. एकेका फरशीला पाऊण तास. कंबरेचा काटा ढिला झाला, गुडघे सोलवटले, पण सोमवारी, आठव्या दिवशी, शेवटची फरशी बसली. दाराच्या उंबऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत, जाळीपासून नळापर्यंत पट्टी टाकली. बुडबुडा कुठंही हलला नाही. अगदी मधोमध.

मी बायकोला हाक मारली. ती आली, दारात उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. "खरंच सरळ आहे हो," ती म्हणाली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, या आवाजात ती माझ्याशी तिसऱ्यांदा बोलली असेल.

"हे आईचं बाथरूम," मी म्हणालो. "थांब, पाणी टाकून दाखवतो." आणि मुद्दाम साबण कालवलेली बादली ओतली.

पाणी पसरलं. चारी भिंतींपर्यंत छान, सारखं पसरलं. आणि थांबलं.

आम्ही बघत राहिलो. पाणीही आमच्याकडे बघत राहिलं. जाळी कोपऱ्यात होती, पाण्याला तिच्यात काही रस दिसत नव्हता. सगळीकडे अर्धं बोट. एका कोपऱ्यात नाही जास्त, दुसऱ्यात नाही कमी.

"जाणार कुठं हे?" बायकोनं विचारलं.

"जाईल."

"कधी?"

तेवढ्यात मला समजलं. बाथरूमची फरशी सरळ करायचीच नसते. तिला उतार लागतो, जाळीच्या दिशेनं. हे मिस्त्रीला माहीत असतं, मिस्त्रीच्या हाताखालच्या माणसाला माहीत असतं, आयुष्यात एकदा जरी फरशी धुतली असेल त्याला माहीत असतं. फक्त सव्वीस वर्षं फ्रेमा टांगणाऱ्याला माहीत नसतं. त्यानं जमिनीलाही भिंतीवरच्या फ्रेमसारखं लावून ठेवलं होतं.

पण बायकोसमोर असं कसं म्हणायचं? "पाणी राहिलं तरी काय बिघडतं," मी म्हणालो. "फरशी खरखरीत आहे. आईला यात नाचता येईल." आणि दाखवायला म्हणून मी आत दोन पावलं नाचलो.

तिसरं पाऊल मला आठवत नाही. मी बसलो होतो, साबणाच्या पाण्यात, कोपर बडवून, आणि पँटमधून गार पाणी वर चढत होतं. मी वर बघितलं. बायको हसत नव्हती.

एरवी मी जिन्यात नुसता अडखळलो तरी तिला दोन दिवस पुरतं. आज ती दाराची चौकट धरून उभी होती आणि तिची नजर माझ्यावर नव्हतीच, माझा हात टेकला होता त्या जागेवर होती. आईही तिथंच पडली होती.

फोन वाजला. बायकोनं तो माझ्या कानाला लावला, कारण माझे हात फेसानं भरले होते.

"झालं का रे?" आई.

"होतंय."

"हिची बॅग भरून झाली. मीपण माझी भरली. डाव्या हातानं भरली, दोन दिवस लागले." मग म्हणाली, "मिस्त्रीला घाई करू नकोस हो. नीट करू दे त्याला."

मी पाण्यातच बसून म्हणालो, "करतो म्हणाला नीट."

मग तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. माझी तयारी होती की तो आता चार गोष्टी ऐकवेल, दुसरीकडे काम धरलंय म्हणेल. तो म्हणाला, "उद्या येतो."

"उद्या? मोकळे आहात?"

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच मी तुमचे दिवस मोकळे ठेवले होते."

आता पैज मी हरलो होतो, हे सरळ होतं. पण तुम्ही मला अजून ओळखलेलं नाही. आईला मिस्त्रीची फरशी मिळाली पाहिजे, हे पक्कं ठरलं. सरांना ते कळलंच पाहिजे, असं कुठं ठरलं होतं? मंगळवारी सकाळी मी मिस्त्रीला माझ्या दुकानात बोलावलं. त्याची थापी, हातोडा, कटर, सगळं मोठ्या फ्रेमच्या खोक्यात भरलं, वर 'काच आहे, सांभाळा' अशी पट्टी चिकटवली आणि खोकं दोघांनी धरून जिना चढलो. टेलरबाईंनी खिडकीतून विचारलं, "कुणाचा एवढा मोठा फोटो?" मी म्हणालो, "माझाच."

मिस्त्री बाथरूममध्ये शिरला. खाली बसला, फरशीवरून तळहात फिरवला. "हे कुणी केलंय?"

"होता एक. पळून गेला."

"माणूस हुशार आहे," मिस्त्री म्हणाला. "टेबल चांगलं करील." मग त्यानं थापीचं टोक एका फरशीखाली घातलं आणि ती नुसत्या हातानं उचलली. पाऊण तासाची फरशी, पापड उचलावा तशी वर आली. मी बाहेर येऊन रेडिओ मोठा केला.

अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात शिट्टीसर. दाढी वाढलेली, खांद्यावर कोरडा टॉवेल, डोळे तांबारलेले. आत येऊन बसले.

"मी हरलो," सर म्हणाले.

मला वाटलं, रेडिओमुळं नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"मी हरलो म्हणतोय. नऊ दिवस झाले मी दुपारी साडेबाराला आंघोळ करतोय. माझी बायको मला म्हणते, आधी त्यांची होऊ द्या, ते पाहुणे आहेत. जाळीतून मी काल एवढा केसांचा गुंता काढला, मला वाटलं उंदीर. अरे, मी पीटीचा मास्तर. सकाळी सातच्या ठोक्याला गार पाण्यानं आंघोळ करणारा माणूस मी." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तू मिस्त्री बोलव. मी हरलो असं धर. रविवारी टाय लावून येतो. पण आजच बोलव."

काय सांगू, माझ्या पोटात हसू असं उसळत होतं की मला सोफ्याचा हात धरावा लागला. मी चेहरा गंभीर केला. "सर, तुम्ही एवढं म्हणताय तर—"

आतून ठक ठक.

सरांनी मान वळवली. "कोण ठोकतंय?"

"बायको," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. मला वाटतं, ती मुद्दाम आली. "घ्या सर," म्हणाली, कप ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली, सिनेमाला बसल्यासारखी.

ठक ठक ठक.

"मुलगी," मी म्हणालो. "शिकतेय. बापाचं बघून."

दार उघडलं आणि मुलगी आत आली. डोक्याला टॉवेल, हातात बादली, सरळ सरांच्या बाथरूममधून. "सर, तुमचं गरम पाणी संपलंय," म्हणाली आणि आत गेली.

सर सावकाश उठले. पण त्यांना फार चालावं लागलं नाही. बाथरूमचं दार आपणहून उघडलं, मिस्त्री बाहेर आला, कोपरापर्यंत सिमेंट, हातात माझी एक फरशी. "साहेब, या फेकू का ठेवू? मागे एवढ्या मेहनतीनं रेघा मारल्यात त्या माणसानं."

रेडिओवर बाई दुपारचं हवामान सांगत होती. सरांनी गळ्यातली शिट्टी उचलली, आधी तिच्यात डोकावून बघितलं, आणि मग अशी फुंकली की खालच्या मजल्यावर टेलरबाईंचं मशीन थांबलं.

पाच मिनिटांत निवाडा आमच्या हॉलमध्ये. मी पुष्कळ भांडलो. म्हणालो, सरांनी स्वतः हार मानली आहे, बायको साक्षीला आहे. बायको म्हणाली, "मी चहा करत होते, मला काही ऐकू आलं नाही." टेलरबाईंनी मिस्त्रीला एकच विचारलं, पहिली फरशी किती वाजता उचलली? मिस्त्री म्हणाला, पावणेदहाला. सर किती वाजता आले? सर म्हणाले, सव्वादहाला. त्यांच्याकडे ते लिहून होतं.

"मग झालं तर. सर हरले म्हणाले, तेव्हा तुम्ही आधीच हरला होता."

"बाई, अर्ध्या तासाचा तर फरक."

"कापड कापल्यावर मी माप बदलून देत नाही," टेलरबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

अर्धा तास. मिस्त्रीला दुकानात एक चहा जास्त पाजला असता, तर रविवारी सर भिजले असते. पण खरं सांगतो, सोमवारी संध्याकाळी त्या पाण्यात बसलेलो असताना मी एवढा विचार करू शकलो नाही, आणि करायला हवा होता असंही मला वाटत नाही.

शुक्रवारी फरशी झाली, शनिवारी सुकली. मिस्त्री काम करत असताना मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. एकदा फक्त पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा रेघ सोडून जाळीच्या उलट बाजूला जाऊन बसला होता, आणि तो असा तिरका बघणं माझ्या जिवावर आलं, पण मी गप्प बसलो.

रविवारी साडेनऊला बहिणीनं आईला सोडलं. आईनं ना चहा घेतला, ना पाणी. तडक बाथरूमच्या दारात गेली, चपला काढल्या, एका हातानं चौकट धरली आणि उजवा पाय आत टेकवून नुसता घासून बघितला. मग डावा. मग म्हणाली, "नळ सोड."

मी सोडला. पाणी तिच्या पावलांवरून गेलं, कोपऱ्याकडे वळलं आणि जाळीत उतरलं. फरशीवर नुसती ओल राहिली. आईनं चौकट सोडली.

"कुणी केलं?"

घरात सगळे माझ्याकडे बघत होते. "मिस्त्रीनं," मी म्हणालो.

"वाटलंच. ही म्हणत होती तू करतोयस." तिनं बहिणीकडे हात केला. "मी म्हटलं, तसं असेल तर मी जिन्यातच राहीन." मग माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाली, "आणि घरात टाय कशाला लावलायस?"

खाली सगळी बिल्डिंग जमली होती. सर आंघोळ करून, दाढी करून, पांढऱ्या बुटांत उभे. कागदावर वेळापत्रक होतं. दहाला पाणी, दहा दोनला साबण, दहा पाचला पुन्हा पाणी. टेलरबाईंनी आईला खिडकीजवळ खुर्ची दिली. मिस्त्रीही आला होता, बायकोला घेऊन.

मी नळाखाली बसलो. सरांनी पहिली बादली टायवरून ओतली, अगदी चवीनं. दुसरी मोज्यांवर. तिसरीत तांब्या ठेवला. मग मी साबण लावला, आधी शर्टाला, मग डोक्याला, आणि लावता लावता लोकांना विचारत होतो कुणाला पाठ घासून हवीय का, कारण हरलो म्हणून मजा का सोडायची? मागून कुणीतरी म्हणालं, "ही पँट उद्या दुकानात घालून या."

तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली. "द्या हो सर तो तांब्या इकडे. तुम्हाला जमत नाहीये." तिनं तांब्या उजव्या हातात घेतला, मोडला होता त्याच. मी बघत होतो. तांब्या भरला आणि माझ्या डोक्यावर नेला. एक तांब्या, दुसरा, तिसरा. साबण डोळ्यांत गेल्यामुळं मला पुढचं दिसलं नाही. दहा सातला शिट्टी वाजली, ती मात्र ऐकू आली.

"थांबा हो, शिट्टी काय वाजवताय," आई सरांना म्हणाली. "मानेमागचं राहिलंय अजून."